न हसणाऱ्या मॅडम

मॅडम,

"आधी जेव, मग ग्लुकोजचं बघू," असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी कॉलेजात नवीन होते. साखऱ्याच्या पुढं असलेल्या आमच्या तांड्यावरून पहिली एसटी धरून हिंगोलीला यायचे, आणि त्या दिवशी घाईत काही न खाताच निघाले होते. दुपारी तुमच्या शनिवारच्या सेमिनारात तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत आणि ग्लुकोजचा रेणू काढायला सांगितलंत. सहा कोपऱ्यांचं ते कडं माझं अर्धंच झालं आणि फळा डोळ्यांपुढून निघून गेला. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते, तुम्ही शेजारी मांडी घालून बसला होतात आणि माझ्या हातातला खडू तुमच्या पदरावर फुटून पडला होता. भोवती पोरं जमलेली. त्यातलं एक म्हणालं, "मॅडम, हिच्या अंगात आलं वाटतं." तुम्ही त्याच्याकडं न बघताच म्हणालात, "अंगात काहीच नाही, म्हणून तर पडली. तू सरक जरा, वारा येऊ दे." आणि मग माझ्याकडं बघून ते वाक्य.

मोंढ्याच्या बाजारामागं तुमचं दोन खोल्यांचं घर. त्या गल्लीत बारा महिने हळदीचा वास असायचा आणि दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक यायची. मी दाराशी चपला काढून तिथंच उभी राहिले. ज्या घरात देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, त्या घरात तांड्यावरच्या पोरीनं कुठवर जायचं असतं हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. "आत ये. दारात कोण जेवतं?" तुम्ही म्हणालात आणि मला थेट स्वयंपाकघरात नेऊन चुलीशेजारच्या पाटावर बसवलंत. तुमचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची, ते तिथं वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं आणि वर्तमानपत्राची घडी करून बाहेरच्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं. पण थोड्या वेळानं तेच ताकाचं भांडं घेऊन आले आणि मला म्हणाले, "हिला घरात चष्मा सापडत नाही अन् कॉलेजात मेंदू शिकवून राहिली. तू जेव. हिचं ऐकू नको." तुम्ही हसलात. तुमचं हसणं आधी खांद्यांत यायचं, मग डोळ्यांत, आणि तोंडाशी पोचेपर्यंत समोरचाच हसायला लागलेला असायचा.

मी भाकरी आणि गूळ खात होते आणि तुम्ही विचारत होतात. "हा घास आता कुठं चालला?" पोटात, मी म्हटलं. "मग?" रक्तात. "मग?" मेंदूत. "आणि तिथं जाऊन काय करतो?" मी घास तसाच ठेवून म्हणाले, माहीत नाही. तुम्ही जवळच्या पोळपाटावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठक ठक केलंत. मला वाटलं, रागावलात. मी उठायलाच लागले होते. तेव्हा तुम्ही समजावलंत की तुमच्या सेमिनारात बोलणारा खरोखर 'माहीत नाही' म्हणाला की सगळ्यांनी बाकावर अशी दोनदा बोटं वाजवायची. ती शाबासकी असते.

हे सगळं आज आठवायला कारण झालं. गेल्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. तुमच्या विभागाचा आताचा प्रमुख बोलत होता. तुम्हाला तो चांगला ठाऊक आहे. माझ्यानंतरच्या पोरांतला, वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारा, आणि पुढं तुमच्याच हाताखाली शिकवायला लागलेला. म्हणाला, "ताई, शनिवारचा सेमिनार पुन्हा चालू करून राहिलो आमी. पहिलं व्याख्यान तुमचं. मॅडमच्या नावानं, मेंदूवर." मी लगेच हो म्हटलं. मग त्याचा आवाज जरा खाली आला. म्हणाला, "ताई, एक विचारू का? तुमी त्यांच्या घरातल्या होत्या म्हणून विचारतो. मॅडम शेवटी शेवटी अशा काहून झाल्या होत्या?"

मी म्हटलं, अशा म्हणजे कशा?

"म्हणजे हसणं नाही, बोलणं नाही. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो होतो ना. पहिली देवाला ठेवली, दुसरी घेऊन मॅडमकडं. आई होती सोबत. मॅडमनी हातात घेतली, वाचली, अन् तोंडावरची रेघ हलली नाही. 'बरं' म्हटल्या फक्त. बाहेर आलो तर आई म्हणते, तुझ्या मॅडमला पसंत न्हाई वाटतं. लग्नालाही आल्या नाहीत. आहेर दादांच्या हाती पाठवला. आता पोरगं दहावीला गेलं माझं, ताई, पण अजून कळलं नाही की आपलं काय चुकलं."

मला माहीत आहे की त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण जे खरं कारण होतं ते हिंगोलीत कुणाला सांगायचं नाही असं तुम्ही मला बजावलं होतं, आणि तुम्ही गेल्यावरही मी ते कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून फोनवर मी काहीतरी पुटपुटले. म्हटलं, येते मी शनिवारी, मग बोलू. आता शनिवारी मी त्याच खोलीत उभी राहणार, मेंदूतल्या नेमक्या त्याच पेशींबद्दल बोलणार, समोर तो बसलेला असणार, आणि त्याच्यासारखे आणखीही काही, ज्यांना तुम्ही 'न हसणाऱ्या मॅडम' म्हणूनच आठवता. तेव्हा मी बोलावं की गप्प राहावं, हे तुम्हालाच विचारायला बसले आहे.

तुमच्या त्या शनिवारांसारखं मी पुढं कुठंच काही बघितलं नाही. प्रयोगशाळेचे गॅस बंद झाले, मेणाच्या ट्रेमधली झुरळं उचलली गेली की प्राणिशास्त्राच्या त्या लांबट खोलीत आम्ही बाक ओढून बसायचो. तुमच्याकडं एक ओव्हरहेड प्रोजेक्टर होता, ज्याच्या पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा यायचा. पारदर्शक कागदावर तुम्ही आकृत्या काढून आणायचात आणि विणकामाच्या सुईनं त्यावरच्या जागा दाखवायचात. भिंतीवर त्या सुईची सावली हातभर लांब पडायची. वीज गेली की फळा. वीज बहुतेक वेळा जायचीच, पण पोरं उठत नसत. बोलायचं विद्यार्थ्यांनीच, तुम्ही फक्त प्रश्न विचारायचात, आणि प्रश्न असे की पुस्तक पाठ करून आलेला पहिल्या दोनांतच उघडा पडावा. मज्जातंतूतून निरोप जातो म्हणजे नेमकं काय जातं? विजेची तार कापली तर दिवा विझतो, मग मज्जातंतू कापल्यावर बोट काळं का पडत नाही? कुणी ठोकून द्यायला लागलं की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. त्यानं 'माहीत नाही मॅडम' म्हटलं की तुम्ही वळायचात, सगळे बाक ठक ठक वाजायचे, आणि खरा सेमिनार तिथून पुढं सुरू व्हायचा. आमच्या घरी गोरमाटी बोलतात. मराठी मी शाळेत शिकले, इंग्रजी कॉलेजात. तीन भाषांतून जाताना मला सगळ्यात जास्त जे वाक्य म्हणावं लागायचं, त्यालाच तुमच्याकडं मान होता. एकदा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला विचारलं, शनिवारी तिथं एवढा वेळ काय करता? मी म्हटलं, जे येत नाही ते सांगतो. ती म्हणाली, मग घरीच सांगत जा की, एसटीचं भाडं वाचेल.

दक्षिणेतल्या मोठ्या शहरातल्या विद्यापीठात मला पीएच.डी.ला जागा मिळाली तेव्हा तुम्ही ती विणकामाची सुई मला दिलीत. निळी, टोकाशी थोडी वाकलेली. "मला आता नको. बोर्डच बरा वाटतो," म्हणालात. मी ती आशीर्वादासारखी घेतली आणि वाकून पाया पडले. उठताना तुमचा उजवा हात साडीच्या निऱ्यांत धरून ठेवलेला दिसला, तरी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तिथल्या पहिल्या सेमिनारात माझी जी फजिती झाली ती फक्त तुमच्या विद्यार्थ्याचीच होऊ शकते. सभागृह थंडगार होतं, खुर्च्या गादीच्या होत्या, आणि मी यकृतातल्या एका विकरावर, एका एन्झाइमवर, बोलत होते. ज्येष्ठ प्राध्यापकांनी एक प्रश्न विचारला. मी विचार केला, आणि स्वच्छ आवाजात, अगदी आनंदानं सांगितलं की सर, हे मला माहीत नाही. आणि थांबले. मॅडम, मी बोटं वाजायची वाट बघत होते. कुणी हललं नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मला वाटलं, पहिल्या वेळी ऐकू गेलं नसेल, म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हटलं, माहीत नाही. प्राध्यापकांनी समोरची फाईल मिटली आणि विचारलं, "मग आम्हाला सांगायला काय आलात?" मागून हसू आलं. मी ते व्याख्यान कसं संपवलं ते आठवत नाही. त्या आठवड्यात सुट्टी टाकून, रेल्वेनं नांदेड आणि तिथून एसटीनं हिंगोली, अशी मी सामान घेऊनच तुमच्या दारात आले. परत न जाण्यासाठी.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं, त्या प्राध्यापकांना चार शब्द सुनवाल. पण तुम्ही माझ्यावरच उखडलात. "माहीत नाही म्हणायला मी शिकवलं. त्याच्यावर बसून राहायला कुणी शिकवलं? पोरं बाकं वाजवायची, त्याच्यानंतर मी काय विचारायची तुला?" मी पिशवीचा बंद ओढत राहिले. "सांग ना, काय विचारायची?" मी म्हटलं, 'मग कसं शोधशील' असं विचारायचात. "मग तिथं काहून नाही सांगितलं? ते कोण सांगणार, माझा भाऊ?" आतून दादा म्हणाले, "मला ओढू नको त्यात." मी रडता रडता हसले. तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही हसत नव्हतात. खांदे हलले नाहीत. मला वाटलं, आज खरोखरच चिडल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. प्रोजेक्टर कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला. तुम्ही फळ्यावर लिहायला लागलात आणि पहिली ओळ संपेपर्यंत अक्षरं उतरत उतरत एवढी बारीक झाली की मला शेवटचे शब्द लागेनात. माझ्याजवळ बसलेल्या पोरानं ओरडून विचारलं, "मॅडम, मुंग्यांसाठी लिहून राहिल्या का?" वर्ग हसला. तुम्ही वळलात, आणि चेहरा तसाच ठेवून म्हणालात, "मुंग्या पुढं येऊन बसतात. तू पण ये." तो बाक उचलून पुढं गेला. मग सगळेच गेले. त्यांच्यात एक गोष्ट पसरली होती की कॉलेजनं खडू कमी दिलेत म्हणून मॅडम काटकसर करतात. त्यांनी आपसांत वर्गणी काढून खडूची दोन खोकी आणली आणि तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि तेवढ्याच बारीक अक्षरात लिहीत राहिलात. पोरांना वाटलं, मॅडमला राग आला. आणि तो मुंग्यांचा विनोद करणारा पोरगा, मॅडम, तोच आज तुमच्या खुर्चीत बसतो.

मी विद्यापीठात परत गेले. तिथं दर बुधवारी मेंदूविज्ञानाची व्याख्यानं व्हायची. ती माझ्या विषयाची नव्हती. मी समोसा आणि चहासाठी जायचे. एका बुधवारी बाहेरगावचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी पडद्यावर एका माणसाचं हस्ताक्षर दाखवलं. एकच वाक्य, तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं. पहिलं ऐसपैस, दुसरं आवळलेलं, तिसरं जणू कुणी दाबून धरल्यासारखं बारीक, शेवटाकडं आणखी बारीक. मग त्यांनी त्याच माणसाचा चेहरा दाखवला आणि सांगितलं की घरचे लोक आधी तक्रार घेऊन येतात की हा रागीट झाला, घुमा झाला. तो तसा झालेला नसतो. आत सगळं जिथल्या तिथं असतं. मेंदूच्या तळाशी काळसर पट्ट्यात काही पेशी असतात, डोपामीन बनवणाऱ्या. त्या मरत गेल्या की हातापायांच्या हालचाली आखडतात, आणि हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. कंपवात. माझ्या हातात समोसा तसाच होता. मला फळा दिसला, टेबलावरची खडूची खोकी दिसली, निऱ्यांत लपवलेला हात दिसला. आणि सुई. सुईची सावली भिंतीवर हातभर पडायची, म्हणजे बोटांचा थोडासा कापही सगळ्या वर्गाला हातभर दिसला असता.

पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात. पोळपाट पुढं होता, पण पोळ्या दादांनी केलेल्या. तुम्ही नुसत्या बसलेल्या. मी विचारलं, मॅडम, नांदेडला कुणाला दाखवलं का?

"काय दाखवलं?"

"हात."

"हे कुठं शिकलीस?"

"बुधवारच्या व्याख्यानात."

"मग सांग. पाहुणा काय म्हणाला ते नीट सांग. सेमिनारासारखं. उभी राहा."

आणि मी उभी राहिले, मॅडम. फडताळाला पाठ लावून, तुमच्याच आजारावर, तुमच्यापुढं सेमिनार दिला. काळा पट्टा, त्यातल्या पेशी, टायरोसीनपासून डोपामीनपर्यंतची वाट. तुम्ही प्रश्न विचारत होतात, जणू हे सगळं कुठल्या तिऱ्हाईताचं आहे. त्या पेशीच का मरतात? माहीत नाही. आधी हात, मग चेहरा, असंच का? नीट माहीत नाही, मॅडम. पूर्ण बरं करणारं औषध? नाही, लक्षणं कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. "मग ज्याला झालंय तो वर्गात उभा किती वर्षं राहू शकतो?" माझा आवाज फुटला. माहीत नाही, मी म्हटलं. तुम्ही हात उचललात. तो पोळपाटापर्यंत यायला वेळ लागला, पण आला, आणि दोनदा वाजला. मग डाव्या हातानं तुम्ही मसाल्याच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढं ठेवलीत. तुम्ही वर्षभरापूर्वीच नांदेडला जाऊन आला होतात.

"मग मला एवढं बोलू काहून दिलं?" मी रडत विचारलं.

"तुझा सेमिनार सुधारला का ते बघत होते. सुधारला. पण आवाज सांभाळ."

त्या दिवशी मला तुमच्या ताटातलं गणितही कळलं. शनिवारी तुमच्याकडं वरण नसायचं, दूध नसायचं. गोळी आणि वरणातली प्रथिनं मेंदूत एकाच दारानं शिरायला बघतात, म्हणून तुम्ही सेमिनाराच्या आधी दोन घास मीठभात खाऊन गोळी घ्यायचात. "एसटीच्या दारासारखं आहे ते. वरण धक्काबुक्की करून आधी जागा धरतं, अन् माझी गोळी खाली फलाटावर उभी," तुम्ही म्हणालात. दादा म्हणाले, "शनिवारच्या उपासाचं पुण्य मारुतीच्या खात्यावर जाऊन राहिलं, अन् हिचं सगळं ध्यान गोळीकडं." गोळीनं मिळणारा तो नीट बोलता येण्याचा थोडा वेळ तुम्ही घरात कधीच खर्च केला नाही. सगळा शनिवारसाठी राखून ठेवायचात.

मी म्हटलं, कॉलेजात सांगू या. प्राचार्य तास कमी करतील, पोरं समजून घेतील. तुम्ही मान हलवलीत. मी वाद घातला. म्हटलं, पोरांना वाटतं तुम्ही रागावता. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन्‌ शब्द आठवतं. "वाटू दे. रागावलेल्या माणसाशी लोक भांडतात, वाद घालतात, विचारतात. कीव आली की विचारणं बंद करतात. उद्या त्यांना कळलं तर तो मुंग्यावाला मला परत कधी असं बोलेल का? गुपचूप पुढं येऊन बसेल, अन् वर पाण्याचा ग्लास आणून देईल. मला पाणी नको, मला प्रश्न पाहिजेत. हे इथंच राहू दे, पोरी. हिंगोलीत कुणालाच नाही."

मी कबूल केलं. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत मला त्याची किंमत दिसत गेली. तुमचा आवाज बारीक झाला तसे पोरांचे प्रश्न मोठ्यानं येऊ लागले, थोडे उद्धट, थोडे चिडून. एकदा सेमिनारानंतर एक मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, तुमी यांच्याकडं कशा काय टिकल्या? आमच्यावर तर नुसत्या डाफरूनच राहतात. एकदा बी हसल्या न्हाईत." मी तिला एवढंच म्हटलं, विचारत राहा त्यांना. ती विचारत राहिली असावी. तुम्हाला जे हवं होतं ते तुम्हाला शेवटपर्यंत मिळालं, आणि ते मिळावं म्हणून ज्यांनी तुमच्यावर जीव लावला त्यांना आपण नकोसे झालो असं वाटत राहिलं. यकृताचं विकर सोडून मी मेंदूकडं वळले ते त्याच काळात. कुणी कारण विचारलं की मी मार्गदर्शकांचं नाव सांगते.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात छातीत कफ झाला होता. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादांनी मला चहा करून दिला आणि म्हणाले, "शुक्रवारी रात्री विचारत होती, उद्या कोण बोलणार आहे म्हणून."

आता शनिवारचं. तुमचं म्हणणं मला आजही पटतं, पण त्याचा आधार आता राहिलेला नाही असं मला वाटतं. तुम्हाला प्रश्न विचारणारं आता कुणी नाही, तेव्हा कीव येऊन ते बंद पडायची भीती नाही. हे मी तुम्हाला समोर म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ऐकू येतं. कारण संपलं म्हणून शब्द संपतो का? आणि पोरांना व्याख्यानातलं शास्त्र लक्षात राहील का, मॅडमचा कापणारा हात? तुमचं खरं आहे. तो हातच लक्षात राहील. व्याख्यानात मी तुमचं नाव घेतलं आणि पुढचा शब्द आजाराचा आला, की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे बदलतील. ज्या खोलीत तुम्हाला कधी कुणी पाणी आणून दिलं नाही, तिथं सगळे मनातल्या मनात ग्लास घेऊन उठतील. ते मी करणार नाही. एवढं हे लिहिता लिहिता ठरलं.

पण त्या एकाचं काय करू? ज्या दिवशी तो पत्रिका घेऊन आला होता त्या संध्याकाळी तुमचा मला फोन आला होता. आवाज इतका लहान की मी एका कानावर हात ठेवून ऐकत होते. "आपला मुंग्यावाला लग्न करून राहिला," तुम्ही म्हणालात. "आईला घेऊन आला होता. कान असे लाल झाले होते त्याचे. मला हसू आवरेना, पोरी, कसंबसं 'बरं' म्हटलं. आहेर काय करू? कुकर फार होतो का?" मी म्हटलं, कुकर चालेल. "मोठा घेऊ. लेकरंबाळं होतील," तुम्ही म्हणालात. आणि मग दम लागला म्हणून फोन दादांकडं दिलात.

हे पत्र पाकिटात जाणार नाही. तरी एक सांगून टाकते, जे घरातही कुणाला ठाऊक नाही. मीही आता शिकवते, आणि वर्गात जरुरीपेक्षा जास्त हसते. पोरं नकला करतात माझ्या. म्हणतात, बाईंना चुकीचं उत्तर दिलं तरी हसतात. मला कळतं, पण थांबवत नाही. हसू चेहऱ्यापर्यंत पोचतंय तोवर पोचवून घ्यावं असं वाटतं.

तुम्ही नाहीच म्हणाल, आणि मान हलवायलाही तुम्हाला वेळ लागेल, तरी विचारते. व्याख्यान झाल्यावर, चहाच्या वेळी, सगळे पांगल्यावर, फक्त त्या एकट्याला बाजूला घेऊन मला सांगू द्या, की त्याची पत्रिका हातात घेतलीत तेव्हा तुम्हाला हसू आवरत नव्हतं.